कोहिम्याची टेकडी आणि सेनापति स्लिम

काशी, रामेश्वर, बदरीकेदार या यात्रा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, आणि अलीकडे तर मुलानातवंडांच्या निमित्तानें विलायत-अमेरिकेचा प्रवासहि कोणास नवा राहिला नाहीं. परंतु ब्रह्मपुत्रा ओलांडून नागभूमींत व मणिपुरांत केवळ पाहण्याच्या हेतूनें जाऊन आलेला मनुष्य आपल्या ओळखीपाळखींत क्वचितच सांपडेल. वास्तविक मणिपूर हें नांव अर्जुन, चित्रांगदा व बभ्रुवाहन यांच्या कथेमुळें आपणांस लहानपणापासून ठाऊक असतें. तें मणिपूर हेंच कीं दुसरें, हा वाद पंडितांनीं खुशाल घालावा. पण सन १९४४ त या भूमीवर जें घोर युद्ध झालें त्याविषयीं शंकेस जागा नाहीं. त्यांत आपल्या बाजूच्या खेड्यापाड्यांतील माणसें लढलीं व पडलीं, आणि तें जिंकणारा सेनापति पूर्वी आपल्या बेळगांवांत राहून गेला होता, ही गोष्ट मात्र फार थोड्यांस ठाऊक आहे. म्हणून त्या प्रदेशाची व त्या सेनापतीची ओळख वाचकांस करून द्यावी असें योजिलें आहे.

आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त दिमापुरास होता. "काका, तुम्ही आणि काकू एकदां हिवाळ्यांत याच," हा त्याचा आग्रह दोन वर्षें चालला होता. सन २०१८ च्या नोव्हेंबरांत तो योग आला. गुवाहाटीहून दिमापुरापर्यंत आगगाडीनें जातां येतें. दिमापूर डोंगराच्या पायथ्याशीं सपाटीवर वसलेलें आहे. युद्धकाळीं सरहद्दीवरच्या साऱ्या सैन्याचें धान्य व दारूगोळा येथें उतरत असे, आणि येथूनच एकमेव मोठा रस्ता कोहिम्यावरून इंफाळास जात असे. नकाशांत ही एक रेघ पाहिली म्हणजे पुढील सारी हकीकत समजण्यास सोपी जाते. ज्याच्या हातीं कोहिमा, त्याच्या हातीं इंफाळचें अन्नपाणी.

दिमापुराच्या पुढें जाण्यास आम्हांस परवाना काढावा लागला. तेथून कोहिमा सुमारें ७४ किलोमीटर. रस्ता रुंद करण्याचें काम चालू असल्यामुळें धुळीनें जीव मेटाकुटीस आला; परंतु चढण लागतांच हवा गार झाली, वेळूचीं बनें व पायऱ्यापायऱ्यांचीं भातखाचरें दिसूं लागलीं, आणि समुद्रसपाटीपासून चौदाशें मीटरांहून उंच असलेलें तें शहर डोंगराच्या धारेवर ओळीनें मांडून ठेवल्यासारखें समोर आलें. लोक मोठे नीटनेटके, बोलण्यांत मृदु व पाहुण्यांविषयीं आदर बाळगणारे वाटले. आमच्या शाकाहाराची गोष्ट ऐकून उपाहारगृहाच्या बाईंनीं प्रथम नवल केलें, आणि मग वेगळ्या भांड्यांत भात व पालेभाजी करून वाढली.

शहराच्या मध्यभागींच रस्त्याच्या वळणावर गॅरिसन हिल नांवाची टेकडी आहे. तिच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनीं युद्धांतील मृतांचें स्मशान बांधून काढलें आहे. येथें एकंदर १,४२० समाध्या आहेत. प्रत्येकीवर लहानसा फलक, त्यावर नांव, पलटण, तारीख व वय. भोंवतीं हिरवळ व फुलझाडें. आमच्या सौ. दहा-वीस फलक वाचून थांबल्या व म्हणाल्या, "अहो, हीं तर सारीं मुलेंच." खरोखरच एकोणीस, एकवीस, तेवीस, अशींच वयें. टेकडीच्या मध्यावर सिमेंटच्या रेघांनीं आंखलेला एक चौक आहे. युद्धापूर्वीं तेथें डेप्युटी कमिशनरचा बंगला व त्याचें टेनिस खेळण्याचें मैदान होतें. एप्रिल १९४४ त या मैदानाच्या एका कडेस जपानी शिपायांचे खंदक होते व दुसऱ्या कडेस आपल्या. मधलें अंतर म्हणजे टेनिसचा चेंडू फेंकावा इतकें. आणि त्या अंतरावरून हातबाँब फेंकले जात होते. सर्वांत वरच्या पायरीवर एक स्मारक आहे. ज्यांचें दहन झालें अशा ९१७ हिंदु व शीख सैनिकांचें तें स्मारक होय. दहन झालेल्यांस समाधि नाहीं, म्हणून नांवें तेवढीं शिळेवर कोरलीं आहेत.

हें युद्ध ज्याच्या आज्ञेनें लढलें गेलें त्या विल्यम स्लिमचें चरित्र कोणाहि शिक्षकास आपलेंसें वाटेल असें आहे. इंग्रज सेनापति म्हटला म्हणजे तो जमीनदाराच्या कुळांतला असावयाचा, अशी आपली समजूत असते. स्लिम तसा नव्हता. सन १८९१ त ब्रिस्टल येथें एका लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याच्या घरीं तो जन्मला. पुढें कुटुंब बर्मिंगहॅमास गेलें; धंदा नीट चालेना, आणि या धाकट्या मुलास विद्यापीठांत पाठविण्याइतका पैसा घरांत उरला नाहीं. तेव्हां त्यानें गरीब वस्तींतील एका प्राथमिक शाळेंत मुलें शिकविलीं, आणि नंतर एका नळ्यांच्या कारखान्यांत कारकुनी केली. १९१४ त पहिलें महायुद्ध सुरू झालें नसतें, तर हा मनुष्य बहुधा कारकून म्हणूनच निवृत्त झाला असता.

त्या युद्धांत १९१५ सालीं गॅलिपोली येथें तो जबर जखमी झाला. तेथेंच त्यानें गुरखा शिपायांचा पराक्रम जवळून पाहिला, आणि पुढें हिंदी सैन्यांत येऊन गुरख्यांच्याच पलटणींत नोकरी धरली. पगार अपुरा पडे म्हणून टोपणनांवानें मासिकांतून गोष्टी लिहून तो चार पैसे मिळवी. सन १९३९ त बेळगांव येथील वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांच्या शाळेवर मुख्य म्हणून त्याची नेमणूक झाली. ज्या बेळगांवांत मीं एकतीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविलें, त्याच गांवच्या लष्करी छावणींत पन्नाशीकडे झुकलेला हा गृहस्थ अधिकाऱ्यांस शिकवीत होता. मराठा लाइट इन्फंट्रीचें केंद्र या बेळगांवींच आहे, हें वाचकांस ठाऊक असेलच.

दुसऱ्या महायुद्धांत त्याचा प्रथम परिचय झाला तो अपयशाशीं. नोव्हेंबर १९४० त सुदानच्या सरहद्दीवर गल्लाबात येथें त्यानें हल्ला केला, पण मिळविलेलें ठाणें राखतां आलें नाहीं. त्याहून मोठें अपयश ब्रह्मदेशांत वाट पाहत होतें. मार्च १९४२ त तो तेथें पोंचला तेव्हां रंगून पडलें होतें. विमानें नाहींत, कुमक नाहीं, आणि जंगलांतून चालण्यांत तरबेज असा शत्रु पाठीशीं. सुमारें नऊशें मैल तें सैन्य मागें हटत आलें. येनंगयांगच्या तेलाच्या विहिरी स्वतःच्या हातांनीं जाळाव्या लागल्या. चिंदविन नदी ओलांडतांना रणगाडे व बहुतेक तोफा मागें टाकाव्या लागल्या. याच वाटांनीं ब्रह्मदेशांतील लाखों हिंदी माणसें बायकामुलांसह पायीं चालत येत होतीं, आणि त्यांतील कित्येक हजार वाटेंतच मेलीं. मे महिन्यांत पावसानें गांठतां गांठतां फाटक्या कपड्यांचे, तापानें फणफणणारे शिपाई इंफाळच्या वाटेला लागले. परंतु हातांतील बंदूक त्यांनीं टाकली नव्हती.

महाभारताच्या उद्योगपर्वांत विदुलेची कथा आहे. सिंधुराजाकडून पराभूत होऊन घरीं येऊन पडलेल्या आपल्या पुत्रास, संजयास, ती क्षत्रिय माता उठवून पुन्हां रणांत धाडते. वर्गांत हा भाग शिकवितांना मुलें नेहमीं विचारीत, "गुरुजी, उठला हें ठीक, पण उठून त्यानें वेगळें काय केलें?" या प्रश्नाचें सविस्तर उत्तर स्लिमच्या पुढील दोन वर्षांच्या उद्योगांत सांपडतें. त्यानें पराभवाचें खापर दैवावर फोडलें नाहीं, वरिष्ठांवर फोडलें नाहीं, शिपायांवर तर नाहींच नाहीं. आपण सेनापति म्हणून कोठें चुकलों याचा त्यानें स्वतःशीं हिशेब मांडला. आणि पुढें १९५६ त प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत तोच हिशेब जगापुढें जशाचा तसा ठेवला. विजयी सेनापतींचे आत्मवृत्तांत पुष्कळ आहेत. त्यांत असा विरळा.

ऑक्टोबर १९४३ त चौदाव्या सैन्याचें आधिपत्य त्याजकडे आलें. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सैन्याचीं व्यसनें, म्हणजे संकटें, सांगितलीं आहेत. अमानित म्हणजे मान न मिळालेलें, अभृत म्हणजे वेतन न पोंचलेलें, व्याधित म्हणजे रोगी, दूरायात म्हणजे लांबून आलेलें, परिश्रान्त म्हणजे थकलेलें, अशी ती यादी आहे. त्यांतील बहुतेक संकटें या सैन्यावर एकदम आलीं होतीं. विलायतेंतील वर्तमानपत्रांस त्याचें स्मरणहि नव्हतें. रोगराई तर इतकी कीं, १९४३ त जखमी होऊन मागें न्यावा लागलेल्या एका शिपायामागें एकशेंवीस शिपाई आजारानें मागें न्यावे लागत. त्यांत हिंवताप प्रमुख.

स्लिमनें प्रथम लढाईचा विचार बाजूस ठेवून या आजाराचा विचार केला. हिंवतापावरील मेपाक्रीनची गोळी प्रत्येक शिपायानें रोज घेतलीच पाहिजे, असा त्यानें हुकूम काढला. तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं अचानक शिपायांचें रक्त तपासण्यांत येई. शेंकडा पंच्याण्णवांपेक्षां कमी लोकांनीं गोळी घेतलेली आढळली, तर पलटणीच्या मुख्यास काढून टाकण्यांत येई. तिघांस असें काढल्यावर बाकीच्यांस अर्थ कळला. रुग्णांस शेंकडों मैल मागें न पाठवितां आघाडीजवळच उपचार सुरू झाले. हवाई छत्र्यांस रेशीम मिळेना, तेव्हां कलकत्त्याच्या गिरण्यांतून तागाच्या छत्र्या करून घेतल्या. त्यांची किंमत रेशमी छत्रीच्या मानानें अगदींच अल्प. पुढील पलटणींस अर्ध्या शिध्यावर राहावें लागलें, कीं मुख्य छावणींतील अधिकाऱ्यांनींहि अर्धा शिधाच घ्यावा, असाहि त्याचा दंडक होता. हिंदी व गुरखा शिपायांशीं तो त्यांच्या भाषेंत बोले. या सैन्यांत बहुसंख्य लोक हिंदीच होते, हें येथें विशेष ध्यानांत ठेवावयाचें आहे.

मार्च १९४४ त जपानी सेनापति मुतागुची यानें तीन डिव्हिजनांनिशीं चिंदविन ओलांडली. स्लिमचा बेत असा कीं, पुढें जाऊन लढण्याऐवजीं आपलें सैन्य इंफाळच्या मैदानांत मागें घ्यावें, आणि शत्रूस त्याच्या रसदेपासून दूर ओढून मग गांठावें. बेत योग्य ठरला. पण त्यांत दोन चुका होत्या, व त्या स्लिमनें स्वतःच सांगितल्या आहेत. मागें हटण्याची आज्ञा वेळेवर सुटली नाहीं, ही एक; आणि कोहिम्याकडे शत्रूची फार तर एक रेजिमेंट येऊं शकेल असें त्यानें मानलें, ही दुसरी. प्रत्यक्षांत जनरल सातो याची सबंध डिव्हिजन त्या दुर्गम डोंगरांतून कोहिम्यावर चालून आली. कोहिम्यांत होते ते कारकून, आचारी व इस्पितळांतील रुग्ण धरून सुमारें अडीच हजार लोक.

येथें आपल्या माणसांचा संबंध येतो. कोहिम्याकडे येणाऱ्या त्या डिव्हिजनचा एक भाग मणिपुरांतील सांगशाक या डोंगरी खेड्यापाशीं अडला. तेथें छत्रीधारी सैन्याच्या पन्नासाव्या ब्रिगेडबरोबर पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. खडकाळ जमीन, खंदक खणतां येईना, पाण्याचें दुर्भिक्ष, तारेचें कुंपणहि नाहीं. अशा स्थितींत मार्चच्या १९ पासून २६ पर्यंत त्यांनीं शत्रूस थोपवून धरलें, आणि मग आज्ञा येतांच रात्रीं जंगलांतून वाट काढली. हा आठवडा मिळाला नसता तर कोहिमा सांवरण्यास अवधि मिळाला नसता, असें युद्धाचा अभ्यास केलेले लोक म्हणतात.

कोहिम्याचा वेढा एप्रिलच्या आरंभीं पडला व १८ तारखेस कुमक पोंचूं लागली. परंतु सारी डोंगरधार मोकळी होण्यास मे महिना संपावा लागला. सातोनें कोहिमा बाजूस टाकून दिमापुराकडे धांव घेतली असती, तर मोठा अनर्थ झाला असता. तो तेथेंच धडका देत बसला. त्याच्या ठाण्यावर बाँब टाकूं असें वैमानिक म्हणूं लागले, तेव्हां स्लिमनें त्यांस परावृत्त केलें. असा हट्टी शत्रु जिवंत असण्यांतच आपला लाभ आहे, असें तो म्हणे. अखेर २२ जून रोजीं कोहिम्याहून उतरणारें सैन्य व इंफाळहून चढणारें सैन्य यांची रस्त्यावर भेट झाली. शत्रूची हानि पन्नास हजारांहून अधिक झाली. त्यांतील मोठा भाग उपासमारीनें व रोगानें मेला. ज्या संकटांतून स्लिमनें आपलें सैन्य दोन वर्षें खपून बाहेर काढलें होतें, त्याच संकटांत मुतागुचीनें आपलें सैन्य ढकललें. नागा लोकांचीं घरेंदारें या युद्धांत जळालीं. तरीहि त्यांनीं जखमींस पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत पोंचविलें, ही गोष्ट स्लिम कधीं विसरला नाहीं.

तीन दिवसांनीं आम्ही त्याच रस्त्यानें इंफाळास उतरलों. तेथें माझें एक काम होतें. माझा एक जुना विद्यार्थी खानापूर तालुक्यांतील. त्याचे आजोबा मराठा पलटणींत होते व "आसामांत गेले ते आलेच नाहींत," इतकेंच त्या घरांत ठाऊक होतें. आजीनें शेवटपर्यंत कुंकू पुसलें नव्हतें. निघण्यापूर्वीं तो घरीं येऊन म्हणाला, "गुरुजी, जमल्यास तेवढें नांव पाहून या." कोहिम्याच्या शिळेवर तें नव्हतें. इंफाळास इंग्रज सैनिकांचें स्मशान निराळें आणि हिंदी सैन्याचें निराळें आहे. हिंदी सैन्याच्या स्मशानांत ८२८ समाध्या व दहन झालेल्या ८६८ सैनिकांचें स्मारक आहे. तेथें पुतण्या व मी दोन टोंकांकडून नांवें वाचीत आलों. मराठ्यांच्या पलटणीचा भाग आला, आणि त्यांत तें नांव निघालें. गांवाचा उल्लेख नाहीं, आडनांवाचें स्पेलिंगहि वांकडें, पण पलटण व क्रमांक जुळला. सौ.नीं पिशवींतील कुंकवाची पुडी काढली. मग थोडा विचार करून ती परत ठेवली, आणि बाहेरच्या फुलांतील एक फूल नांवाखालीं ठेवलें. मीं त्या ओळीचें छायाचित्र घेऊन तेथूनच मुलास पाठविलें. त्याचें उत्तर रात्रीं आलें: "यंदा श्राद्धास तिथि धरतां येईल."

दुसरे दिवशीं मोइरांगास गेलों. इंफाळपासून सुमारें ४५ किलोमीटरांवर, लोकताक सरोवराच्या कांठीं हें गांव आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं, म्हणजे कोहिम्यास वेढा पडलेला असतांना, आझाद हिंद सेनेनें आपलें निशाण येथें उभारलें. नेताजींचा पुतळा व संग्रहालय तेथें आहे. तें पाहतांना मनांत प्रश्न उभा राहतोच, आणि तो टाळून पुढें जाणें बरें नव्हे. एका बाजूस हिंदी शिपाई, दुसऱ्या बाजूसहि हिंदी शिपाई. एकानें भाकरीसाठीं व पलटणीच्या इभ्रतीसाठीं इंग्रजाची चाकरी इमानानें केली. दुसऱ्यानें स्वातंत्र्यासाठीं जिवाची होळी केली. मग परकी सत्तेच्या सेनापतीचे गुण आपण गावे काय?

माझें मत असें कीं, गुण गावे, पण डोळे उघडे ठेवून. स्लिम साम्राज्याचा नोकर होता. आझाद हिंद सैनिकांविषयीं त्याच्या ग्रंथांतील उद्गार कोरडे व अनुदार आहेत. तेथें त्याची दृष्टि आपल्या पलटणीच्या कुंपणापलीकडे गेली नाहीं, असें स्पष्ट म्हणावें. परंतु ९१७ व ८६८ हीं दोन शिळांवरचीं माणसें आपलीं आहेत, त्यांच्या घरांतलें दुःख आपलें आहे. आणि त्या माणसांस ज्यानें व्यर्थ मरूं दिलें नाहीं, उपाशी लढावयास लावलें नाहीं, त्यांच्या तापाची चिंता केली, त्याचें तेवढें ऋण मानण्यांत नेताजींचा कोणताहि अवमान होत नाहीं. कोहिम्यास जाणाऱ्यानें मोइरांगास जावें, व मोइरांगास जाणाऱ्यानें कोहिमा चुकवूं नये.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. १९४५ च्या आरंभीं स्लिमनें शत्रूस मंडालेच्या बाजूस गुंतवून इरावती ओलांडली व मेइक्तिला हें त्याचें कोठार मार्चच्या आरंभींच घेतलें. २० मार्चला मंडाले व मेच्या आरंभीं रंगून हातीं आलें. इतकें होऊनहि त्याच महिन्यांत वरिष्ठानें त्यास पदावरून हलविण्याचा घाट घातला. स्लिम न भांडतां निवृत्तीच्या तयारीस लागला; पण सैन्यांत इतकी खळबळ झाली कीं तो हुकूम फिरवावा लागला, आणि अखेरीस जागा गेली ती त्या वरिष्ठाचीच. १९४८ त तो ब्रिटिश सैन्याचा मुख्य झाला. हिंदी सैन्यांतून आलेला अधिकारी त्या पदावर बसण्याची ही पहिलीच वेळ. १९४९ त फील्डमार्शल, १९५३ पासून १९६० पर्यंत ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर-जनरल, आणि १४ डिसेंबर १९७० रोजीं लंडन येथें मृत्यु. लंडनच्या नॅशनल आर्मी म्यूझियमनें २०१३ त घेतलेल्या मतदानांत ब्रिटनची सर्वश्रेष्ठ लढाई म्हणून इंफाळ-कोहिम्याची निवड झाली. विस्मृत सैन्यास सत्तर वर्षांनीं आठवण मिळाली ती अशी.

आपल्या घरांतून रणांगणावर जाणारे थोडे. परंतु अपयश प्रत्येक घरीं येतें. मुलगा परीक्षेंत नापास होतो, धंदा बसतो, ठरलेलें लग्न मोडतें. अशा वेळीं घरांतील कर्त्या माणसानें पहिला अर्धा शिधा स्वतः घ्यावा, दोष वांटण्यापूर्वीं आपल्या वांट्याचा दोष मोजावा, आणि लढाईच्या गोष्टी करण्यापूर्वीं घरांतला ताप उतरवावा. स्लिमनें याहून निराळें असें कांहीं केलें नाहीं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ तिकडे जाण्यास उत्तम. तत्पूर्वीं परवान्याची व रस्त्यांच्या स्थितीची चौकशी मात्र अवश्य करावी. आणि कोणाच्या घरांत "आसामांत गेले ते आलेच नाहींत" अशी एखादी आठवण असेल, तर नांव, पलटण व क्रमांक कागदावर टिपून बरोबर न्यावा. सैन्याचीं नांवें तेथें ओळीनें लिहून ठेवलीं आहेत. वाचणारा तेवढा जावा लागतो.